‘कॉल ऑफ द व्हॅली’ हट्ट्यात कोणी ऐकली? : एका शब्दहीन ध्वनिमुद्रिकेवरील प्रेमाचा इतिहास

१/२५
हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव इतिहासप्रेमी तरुणांना मुख्यतः तेथील दगडी बारवेमुळे ठाऊक आहे. बारवेच्या पायऱ्या मोजता येतात, छायाचित्रे घेता येतात, गाळ काढून दगड पुन्हा उजेडात आणता येतो. परंतु अशा गावांतील माणसांनी गेल्या साठ वर्षांत काय ऐकले, कोणते संगीत पुन्हापुन्हा ऐकले आणि कशावर जीव जडवला, याची नोंद सहसा कोठेच सापडत नाही. हा थ्रेड त्या न झालेल्या नोंदीविषयी आहे. त्यासाठी १९६७ सालची एक ध्वनिमुद्रिका उदाहरण म्हणून घेतली आहे. #थ्रेड #इतिहास #मराठी

२/२५
ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘कॉल ऑफ द व्हॅली’, म्हणजे दरीची साद. प्रकाशक ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ अर्थात एचएमव्ही. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. साधारण चाळीस मिनिटांच्या या मुद्रिकेत गायन नाही, निवेदन नाही. केवळ वाद्यांच्या आधारे काश्मीरमधील एका मेंढपाळाचा एक दिवस उभा करायचा, एवढीच कल्पना.

३/२५
ही कल्पना रागसमयाच्या जुन्या संकेतावर उभी आहे. आरंभ अहिरभैरव आणि नटभैरव या सकाळच्या रागांनी होतो. पुढे पिलू येतो, दिवस कलतो, भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराची चाहूल देतो, देस रात्र गडद करतो आणि पहाडीत दिवस मिटतो. ज्याला रागांची नावे ठाऊक आहेत त्याला हा क्रम लगेच उमगतो. ज्याला ती ठाऊक नाहीत त्यालाही उजाडल्याचा आणि मावळल्याचा भास होतोच. या मुद्रिकेचे सामर्थ्य या दुसऱ्या श्रोत्यापाशी दिसते.

४/२५
आजच्या तरुण श्रोत्याला हा प्रकार अपरिचित वाटू नये. ‘पोस्ट-रॉक’ हा शब्द सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये रूढ केला. ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या कॅनडातील वाद्यवृंदाचा २००० सालचा किंवा ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ या टेक्सासच्या वाद्यवृंदाचा २००३ सालचा अल्बम कानात घालून रात्ररात्र जागणारे तरुण महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही आढळतात. दीर्घ रचना, संथ आरोह, गायकाची अनुपस्थिती आणि अर्थ लावण्याचे काम श्रोत्यावर सोपवलेले. एकच अल्बम वर्षानुवर्षे उराशी बाळगण्याची वृत्तीही याच संगीताभोवती ठळक दिसते.

५/२५
दोन्ही संगीतांची कुळे वेगळी आहेत. एक रागसंगीतातून आले, दुसरे विजेच्या गिटारींच्या गदारोळातून. तेव्हा ‘भारताने पोस्ट-रॉक आधीच शोधला होता’ असले विधान इतिहास म्हणून टिकणार नाही. साम्य श्रोत्याच्या बाजूला आहे. शब्द नसलेल्या एका सलग रचनेवर माणूस आयुष्यभर का प्रेम करतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे, आणि त्याचे उत्तर वादकांच्या चरित्रात पुरतेपणी मिळत नाही.

६/२५
आता मराठी वाचकाला विशेष वाटावे असे एक नाव. या मुद्रिकेचे निर्माते होते जी. एन. जोशी (१९०९-१९९४). कायद्याची पदवी घेतलेले हे गृहस्थ मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक. १९३०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन ध्वनिमुद्रित केली आणि ती घरोघर पोचली. पुढे ते एचएमव्हीत रुजू झाले आणि अनेक दशके इतरांचे गाणे मुद्रित करीत राहिले.

७/२५
शीळ म्हणजे तरी काय? शब्दांविना घातलेली साद. एका शिळेच्या गीताने प्रसिद्ध झालेल्या गायकाने तीनएक दशकांनी दरीच्या सादेची मुद्रिका घडवावी, हा योगायोग सुखद आहे. त्यावर सिद्धान्त रचण्याचे कारण नाही. मात्र शेतशिवारात दुरून ऐकू येणारा सूर माणसाला कसा थांबवतो, हे या निर्मात्याला स्वतःच्या गळ्यातून कळलेले होते, एवढे म्हणता येईल.

८/२५
तंत्राची बाजूही ध्यानात घ्यावी लागेल. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन ते साडेतीन मिनिटे बसत. १९०२ साली कोलकात्यात भारतीय संगीताचे व्यावसायिक मुद्रण सुरू झाले, तेव्हापासून थोर गवयांना आपला राग त्या तीन मिनिटांत कोंबावा लागला. १९४८ मध्ये अमेरिकेत आलेल्या लाँग प्ले तबकडीने एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक अवकाश दिला. पूर्ण दिवसाची कथा सांगण्याची कल्पना या अवकाशामुळेच शक्य झाली.

९/२५
आता वाद्यांकडे वळावे. १९६७ साली संतूर हे शास्त्रीय मैफलीतील मान्य वाद्य नव्हते. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीत ते वाजे, शंभराच्या आसपास तारा असत आणि लाकडी हातोड्यांनी, म्हणजे कलमांनी, आघात केला जाई. जम्मूचे उमादत्त शर्मा यांनी हे वाद्य आपल्या मुलाच्या हाती दिले. १९५५ साली मुंबईत शिवकुमारांनी ते मैफलीत वाजवले. त्याच वर्षीच्या व्ही. शांतारामांच्या ‘झनक झनक पायल बाजे’ या चित्रपटातही त्यांचे संतूर ऐकू येते.

१०/२५
जाणकारांचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. संतूरच्या तारेवर आघात झाला की सूर तुटक उमटतो. सतार-सरोदासारखी मींड काढता येत नाही. मींड नाही तर आलापी कशी, आणि आलापी नाही तर राग कसा? शिवकुमारांनी तारांची जुळणी बदलली, वाद्य तिवईवरून मांडीवर घेतले, कलमाच्या हलक्या घर्षणातून सलगतेचा आभास निर्माण केला. तरीही वाद बराच काळ चालू राहिला.

११/२५
बासरीची कथा काहीशी अशीच. कृष्णाच्या हातातील हे वाद्य लोकसंगीतात सर्वत्र होते, पण ख्यालाच्या अंगाने तासभर राग मांडण्याचे सामर्थ्य त्यात आहे हे पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी सिद्ध केले. त्यांच्या निधनाला जेमतेम सात वर्षे झाली होती. हरिप्रसाद चौरसिया अलाहाबादचे. त्यांनी कटक आकाशवाणीवर नोकरी केली आणि मग मुंबईत येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत आपली वाट शोधली.

१२/२५
गिटार तर उघडच परदेशी. उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य, जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी ती मांडीवर आडवी घेतली, चिकारीच्या तारा जोडल्या आणि तारेवर धातूची कांडी सरकवत मींड साधली. म्हणजे एक प्रादेशिक, एक लोकपरंपरेतील आणि एक परदेशी, अशी तीन वाद्ये. तिन्ही शास्त्रीय संगीताच्या उंबरठ्यावर उभी. तिन्ही वादक तिशीच्या आतबाहेरचे. या मुद्रिकेचा हा पैलू विसरता कामा नये.

१३/२५
चौथे नाव माणिकराव पोपटकर. या मुद्रिकेवर लिहिताना बहुतेक वेळा त्रिकुटाचाच उल्लेख होतो आणि तबलावादकाचे नाव गळते. निर्माता पडद्याआड, तबलजी कंसात. योगायोगाने ही दोन्ही नावे मराठी आहेत. येथे अस्मितेचा झेंडा फडकवण्याची गरज नाही. परंतु एका सामूहिक निर्मितीची स्मृती कोणती नावे जपते आणि कोणती गाळते, हा इतिहासाचा नेहमीचा प्रश्न येथेही उभा राहतो, इतके लक्षात ठेवावे.

१४/२५
अशा मुद्रिकेला मान्यता कोणी दिली? घराण्यांनी नव्हे, समीक्षकांनी सरसकट नव्हे. ती दिली श्रोत्यांनी, पुन्हापुन्हा विकत घेऊन आणि पुन्हापुन्हा ऐकून. पुढे संतूर, बासरी आणि गिटार प्रतिष्ठित झाले, तेव्हा तो वादकांच्या तपश्चर्येचा विजय म्हणून सांगितला गेला. तो तसा होताच. मात्र ज्यांना मींड आणि घसीट यांतील भेद ठाऊक नव्हता, अशा असंख्य कानांनी आधीच कौल दिला होता, ही गोष्ट त्या कथनातून निसटली.

१५/२५
या मुद्रिकेच्या लोकप्रियतेची प्रचलित कथा मात्र भलत्याच श्रोत्यांची आहे. जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, डेव्हिड क्रॉस्बी अशी नावे त्यात हमखास येतात. काळही त्याला पोषक होता. १९६७च्या जूनमध्ये रविशंकर कॅलिफोर्नियातील माँटेरे महोत्सवात वाजवत होते आणि बीटल्सच्या नव्या अल्बममध्ये सतार-दिलरुबा ऐकू येत होते. पण प्रसिद्ध परदेशी माणसाने दाद दिली म्हणजेच कलाकृती थोर ठरली, हा न्याय किती दिवस चालवायचा?

१६/२५
हट्ट्याच्या दिशेने पाहिले की चित्र पालटते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निझामाच्या राज्यात होता. रेडिओ म्हणजे हैदराबादचा डेक्कन रेडिओ, त्याची मुख्य भाषा उर्दू. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लाँग प्ले तबकडी आणि ती वाजवणारे यंत्र या शहरी, सुखवस्तू घरातील वस्तू. वसमत तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी त्या असण्याची शक्यता फारच थोडी.

१७/२५
तेथे वाद्यसंगीत पोचले ते प्रामुख्याने आकाशवाणीवरून. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्याकडे होते. त्यांनी चित्रपटगीतांना जवळपास हद्दपार करून रागसंगीताला वेळ दिला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, तेव्हा १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणि १९६८ साली, म्हणजे ही मुद्रिका निघाल्यानंतर एका वर्षाने, परभणीला आकाशवाणी केंद्र आले. हट्टा तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. स्वतंत्र हिंगोली जिल्हा १ मे १९९९चा.

१८/२५
शब्दांविना संगीतावर खेड्यातील माणूस प्रेम करील का, अशी शंका घेणाऱ्याने आकाशवाणीची संकेतधून आठवावी. नात्सींच्या छायेतून निसटून १९३४ साली मुंबईस आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी ती बांधली. कॉफमन हे नाव गावात कोणालाही ठाऊक नसेल. पण पहाटे ती धून ऐकून चूल पेटवणाऱ्या, बैल सोडणाऱ्या कित्येक पिढ्या मराठवाड्यात होऊन गेल्या. दोन कार्यक्रमांमधील रिकामा वेळ संतूर, बासरी वा शहनाईने भरण्याची रीतही आकाशवाणीचीच. कानाला त्या सुरांची ओळख अशी नकळत झाली.

१९/२५
१९८०च्या दशकात कॅसेट आली आणि ऐकणे स्वस्त झाले. नांदेड, परभणी, औरंगाबादला शिकायला गेलेला मुलगा मित्राकडून कॅसेट भरून आणी आणि सुटीत घरी वाजवी. भरलेल्या कॅसेटवर छापील वेष्टन नसे. पेनने ‘संतूर’ किंवा ‘बासरी’ एवढेच लिहिलेले असे. काश्मीर, मेंढपाळ, जोशी, पोपटकर हे सारे मूळ वेष्टनाबरोबर मागे राही. उरे तो केवळ नाद. म्हणजे ज्या श्रोत्याने ही मुद्रिका सर्वांत निखळपणे ऐकली, त्याला ती कोणाची हेही ठाऊक नसण्याचा संभव मोठा.

२०/२५
क्षणभर अशा एका श्रोत्याची कल्पना करावी. त्याने बर्फ पाहिलेला नाही. चिनार पाहिलेला नाही. पण पहाटेचे धुके त्याला ठाऊक आहे, गावाच्या शिवारातून जाणारा मेंढ्यांचा कळप ठाऊक आहे, हळद शिजवताना रात्रभर जागलेली भट्टी ठाऊक आहे, दिवेलागणीला घराकडे परतणारी गुरे ठाऊक आहेत. त्याच्या कानी तो दिवस काश्मीरचा राहत नाही, वसमत परिसरातील होतो. गीत असते तर त्यातील शब्दांनी त्याला काश्मीरलाच नेऊन सोडले असते. शब्दहीन संगीताने त्याला त्याच्याच शिवारात ठेवले, आणि कदाचित म्हणूनच त्याचे प्रेम टिकले.

२१/२५
एक गंभीर आक्षेप येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९६७चे हे शांत, सुंदर काश्मीर कितपत खरे? दोनच वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, त्याच भूमीवर युद्ध झाले होते. चित्रपटांतील काश्मीरप्रमाणे हेही पर्यटकाच्या डोळ्यांनी रंगवलेले चित्र नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच श्रोत्याची साक्ष हवी. १९९० नंतर तेथील बातम्या वाचता वाचता याच मुद्रिकेचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात बदलला का? बदलला असेल तर कसा? हे तबकडी सांगणार नाही. ते ऐकणाराच सांगू शकेल.

२२/२५
दुसरा आक्षेप पद्धतीचा. चाहत्याची आठवण म्हणजे स्मरणरंजन, तिच्यावर इतिहास कसा रचावा? बखरींबद्दलही हाच प्रश्न विचारला गेला होता. उत्तर तेच. साक्ष जशीच्या तशी स्वीकारायची नाही, पण फेकूनही द्यायची नाही. रेडिओसंच कोणत्या साली घेतला, वीज गावात केव्हा आली, कॅसेट कोणत्या शहरातून आणली, यांसारख्या पडताळता येणाऱ्या तपशिलांशी ती ताडून पाहायची. काश्मीरच्या मेंढपाळाऐवजी कोणाला स्वतःचा बाप दिसला असेल, तर तेही लिहून ठेवायचे.

२३/२५
कामाला घाई करण्याचे कारण आहे. जी. एन. जोशी १९९४ मध्ये गेले, ब्रिजभूषण काबरा २०१८ मध्ये, शिवकुमार शर्मा १० मे २०२२ रोजी. तिघांची मुद्रणे आणि आठवणी बऱ्याच अंशी जतन झाल्या आहेत. जोशींनी स्वतः आत्मचरित्रपर लेखनही केले. परंतु १९६७ साली जो श्रोता विशीत होता, तो आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्या कॅसेटला बुरशी लागली आहे, टेपरेकॉर्डर भंगारात गेला आहे. त्याची आठवण मात्र कोणीही मागितलेली नाही.

२४/२५
आज ही मुद्रिका मोबाइलवर क्षणात मिळते. हट्ट्यातील विद्यार्थी ती पोस्ट-रॉकच्या शेजारी ठेवून ऐकू शकतो. ऐकणाऱ्यांचा आकडाही पडद्यावर दिसतो. पण त्या आकड्यात कोणी परीक्षेच्या रात्री ऐकले, कोणी आई गेल्यानंतर ऐकले, कोणी चाळीस वर्षांनी ऐकून ‘हीच ती धून’ म्हणून थबकले, यांतले काहीही उरत नाही. मोजणी वाढली आहे, नोंद वाढलेली नाही. हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी कळायला हवा.

२५/२५
तेव्हा पुढच्या सुटीत गावी जाणाऱ्या इतिहासप्रेमीने बारव अवश्य पाहावी, मोजावी, स्वच्छ करावी. त्यानंतर पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना किंवा ओसरीवरील आजींना मोबाइलवरून पहाडीची ही धून ऐकवावी आणि विचारावे : हे पूर्वी कधी कानावर पडले होते का? कोठे, कोणत्या वेळी, सोबत कोण होते? उत्तर ‘नाही’ आले तरी ते तारखेसह लिहून ठेवावे, आणि मग त्यांना काय ऐकायला आवडे ते विचारावे. ‘कॉल ऑफ द व्हॅली’चा मराठी इतिहास अजून लिहायचा आहे. त्याची साधने अशा ओसऱ्यांवर आहेत, आणि ती फार काळ राहणार नाहीत.
#मराठी #इतिहास #मराठवाडा